मिस्त्रींचा पांढरा रुमाल

इंजिनाला हात लावायच्या आधी मिस्त्री खिशातून रुमाल काढायचे. पांढराशुभ्र, नीळ घातलेला, इस्त्रीची घडी जशीच्या तशी. तो इंजिनाच्या पोटाखालून एकदा फिरवायचा आणि उजेडात धरायचा. डाग दिसला की विषय संपला. मग समोर ट्रकमालक असो नाहीतर गिरणीवाला, मिस्त्री हत्यारांची पेटी उचलून सरळ चालू लागायचे. जाता जाता एवढंच ऐकवायचे, की आधी त्याला आंघोळ घाला आणि मग मला बोलवा. डॉक्टरकडे जाताना तुम्ही चिखलात लोळून जाता का?

लोक ऐकून घ्यायचे. न ऐकून करतात काय! जुन्या डिझेल इंजिनाचं दुखणं ओळखणारा असा दुसरा माणूस त्या पट्ट्यात नव्हता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. मिनिटभराने सांगायचे, दोन नंबरचं बेअरिंग खातंय. उघडून बघावं तर दोन नंबरचंच. तेल कुठून गळतंय ते कळत नसेल, तर सगळं इंजिन धुऊन पुसून त्यावर खडूची भुकटी उडवायची आणि इंजिन तासभर चालवायचं. पहिली ओली रेघ जिथे उमटेल तिथे रोग. कारण तेल मोठं लबाड, गळतं एकीकडून, ओघळतं दुसरीकडे आणि टपकतं तिसरीकडे. सगळे टपकतं तिथलं सील बदलत बसतात, आणि मिस्त्री त्यांना हसतात. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चाळीस वर्षांत तो एकदाही खोटा ठरला नव्हता, आणि हे त्यांना स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

नदीवर भाऊंची लाँच होती. भाऊ म्हणजे मिस्त्रींच्याच वयाचे, साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. वडलांनी घेतलेली लाकडी लाँच आणि तिच्यात अडतीस वर्षं जुनं, दोन सिलिंडरचं, हाताने हँडल मारून सुरू होणारं इंजिन. पूल तेरा मैल दूर. त्यामुळे पलीकडच्या काठाचे मास्तर, दुधाचे कॅन, बाळंतीण बाई, झालंच तर कुणाची शेळी, सगळं भाऊंच्या लाँचमधून अलीकडे यायचं. तिकीट फाडायला आणि लाँच धुवायला वहिनी. काठावरच दोन खोल्यांचं घर. दोघांचं सगळं आयुष्य या इंजिनाच्या ठोक्यावर चाललेलं.

दोन वर्षांपासून इंजिन तेल प्यायला लागलं होतं. आठवड्याला दोन लिटर! भाऊंनी मिस्त्रींना तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा मिस्त्रींनी रुमाल फिरवला, तिन्ही वेळा रुमाल जसाच्या तसा. इंजिनाखालचा पत्रा एवढा लख्ख की त्यात तोंड बघावं. मिस्त्री खूश. गळतं का, असं विचारलं तर भाऊ खाली बघत म्हणायचे, थोडंफार, आता जुनं झालंय ना. मिस्त्रींनी भुकटी उडवली, तासभर लाँच नदीत फिरवली. भुकटी कोरडी ठणठणीत.

मग मिस्त्रींनी हिशोब मांडला. तेल कमी होतंय. बाहेर गळत नाही. म्हणजे आत जळतंय. सकाळी सुरू करताना धूर निळसर येतो, हा आणखी एक पुरावा. तिसऱ्या खेपेला हात पुसत त्यांनी निकाल देऊन टाकला, की पिस्टनच्या रिंगा गेल्या, सिलिंडर झिजले, याचे भाग आता कुठे बनत नाहीत, आणि नवं इंजिन बसवायचं तर लाँच अर्धी कापावी लागेल. भाऊंनी एकदाच विचारलं, नक्की ना? मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी सांगतोय ना, म्हणाले, आणि पेटी उचलून निघाले.

बस, एवढ्यावर एक संसार उठायची वेळ आली. मुलगा शहरात होता, तो कधीचा या म्हणत होता. भाऊ सगळ्यांना सांगू लागले, की बरंच झालं, नातवंडांत राहू. सांगायचे हसून, पण हातातला घास हातातच राहायचा. वहिनींनी भांडी बांधली. शनिवारी दुपारी भंगारवाला साखळी-कप्पी घेऊन येणार, इंजिन उचलणार, आणि रविवारी घराला कुलूप.

शनिवारी सकाळी आठला मिस्त्री न बोलावता काठावर हजर. का आले, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. म्हणाले, भाऊ, इतकी वर्षं याला बाहेरून ऐकलं, जाण्याआधी एकदा आतून बघू दे. भाऊ नुकतेच शेवटची फेरी मारून आले होते. त्यांनी मान हलवली आणि काठावरच्या दगडावर जाऊन पाठमोरे बसले.

त्या दिवशी मिस्त्रींनी रुमाल काढला नाही. गेलेल्याचा ताप कोण बघतं? त्यांनी सरळ वरच्या नटांना पाना लावला. तासाभरात हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, सुटलं. वहिनींनी एका बाजूने धरलं, दोघांनी मिळून ते फळीवर उतरवलं, आणि मिस्त्रींनी बॅटरीचा उजेड सिलिंडरमध्ये टाकला.

आणि ते तसेच राहिले.

झिजलेला सिलिंडर त्यांनी शेकड्यांनी पाहिला होता. भिंत आरशासारखी गुळगुळीत होते, आणि वरच्या टोकाशी, जिथपर्यंत रिंग पोचत नाही तिथे, कंगोरा उरतो. नख फिरवलं की अडकतं. मिस्त्रींनी नख फिरवलं. अडकलं नाही. चष्मा पुसून पुन्हा फिरवलं. दुसऱ्या सिलिंडरमध्ये फिरवलं. नख लोण्यातून जावं तसं वर आलं. आणि भिंतीवर रेघा होत्या! तिरप्या, केसाएवढ्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. इंजिन जन्माला येतं तेव्हा कारखान्यात मुद्दाम पाडतात त्या. त्यांच्यात तेल धरून राहतं. इंजिन झिजायला लागलं की सगळ्यात आधी पुसल्या जातात त्या ह्याच. दहा वर्षं चाललेल्या इंजिनात त्या क्वचित दिसतात. अडतीस वर्षांनी दिसतात असं कुणी मिस्त्रींना सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

ते गुडघ्यांवर बसून बघतच राहिले. पिस्टन किती कोटी वेळा इथून वरखाली गेला असेल, याचा अंदाज करायला गेले आणि मध्येच सोडून दिला. लोखंड लोखंडावर घासतं आणि तरी घासत नाही, मध्ये कागदाहून पातळ तेलाचा पदर असतो, त्या पदराच्या जिवावर सगळं चाललेलं. तो पदर अडतीस वर्षांत एकदाही फाटला नव्हता. हे आपोआप होत नाही. त्यासाठी रोज सकाळी कुणीतरी इंजिन दहा मिनिटं रिकामं चालवून गरम होऊ द्यावं लागतं, मगच माणसं चढू द्यावी लागतात, माणसं कितीही ओरडली तरी. तेल ठरल्या दिवशी बदलावं लागतं, घरात लग्न असो की मयत. कुणीतरी अडतीस वर्षांत एक दिवससुद्धा घाई केली नव्हती. मिस्त्रींनी मान वळवून दगडावर बसलेल्या त्या पाठीकडे पाहिलं. आपण चाळीस वर्षं लोकांना इंजिन कसं सांभाळावं हे शिकवत फिरलो, आणि असं सांभाळणं आपण पहिल्यांदा बघतोय, हे त्यांना स्वच्छ कळलं. डोळे भरून आले. आले तर आले, त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मग डोकं चालायला लागलं. हेड उलटं करून पाहिलं तर व्हॉल्व्हच्या दांड्या ज्यात बसतात ते गाईड सैल झाले होते, तिथून जरा तेल उतरत होतं. निळा धूर तो. पण त्याने आठवड्याला दोन लिटर जात नाहीत. मग बाकीचं जातं कुठे?

मिस्त्री पालथे पडून इंजिनाखाली शिरले, आणि काय बघतात! पत्रा काळाकुट्ट. मागच्या सीलमधून तेल, पुढच्यातून तेल, बाजूच्या झाकणांच्या कडांमधून तेल. लख्ख इंजिनाची ही अवस्था? सवयीने त्यांचं तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊ बोळा घेऊन धावत आले. खजील होऊन पुसायला लागले, म्हणाले, तुम्ही येणार हे माहीत असतं तर पुसून ठेवलं असतं हो.

मिस्त्रींनी त्यांचा हात धरला. सगळी सीलं एका दिवशी मरत नाहीत. सगळीकडून तेल येतंय म्हणजे आतून काहीतरी त्याला ढकलतंय. त्यांची नजर इंजिनाच्या बाजूने वर गेली. पोटातून वर येऊन खाली वाकलेली बोटभर जाडीची नळी, जिला ब्रीदर म्हणतात, तिच्या तोंडात चादरीची चिंधी कोंबलेली होती. घट्ट, चांगली चार बोटं आत.

"ही कुणी घातली?"

भाऊ परत पत्रा पुसायला लागले. बोलल्या त्या वहिनी. "यांनीच. तुम्ही येणार म्हटलं की ती तुम्हाला दिसू नये म्हणून काढून ठेवतात, सगळं पुसून काढतात. तुम्ही गेलात की परत घालतात."

कशासाठी, असं मिस्त्रींनी विचारलं. वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. शेवटी भाऊच हळू आवाजात म्हणाले, "दोन वर्षांमागे तुमच्या रुमालाला एक डाग पडला होता. या नळीतून थेंब पडायचा त्याचा. लाँच माणसांनी भरली होती. तुम्ही म्हणालात, भाऊ, घरात पण असेच राहता का?"

मिस्त्रींना ते आठवतही नव्हतं. असं ते दिवसातून दोनदा कुणाला ना कुणाला म्हणायचे.

आता सगळा धागा त्यांच्या हातात होता, आणि दुसरं टोक स्वतःच्याच जिभेला बांधलेलं. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली उतरणारच, कितीही धडधाकट इंजिन असलं तरी. तो बाहेर पडायला ही नळी. ती कोंडली की वायू आत साठतो आणि मिळेल त्या फटीतून तेल बाहेर रेटतो. नाक दाबलं की तोंड उघडतं, दुसरं काय! आणि मिस्त्री यायचे त्या दिवशी नाक मोकळं असायचं, अंग पुसलेलं असायचं, भुकटी कोरडी राहायची. चाळीस वर्षं ते रोग्यांना दुखणं धुऊन या म्हणत होते आणि वर दुखणं शोधत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुपारी बाराला भंगारवाला तीन माणसं आणि साखळी घेऊन आला. काठावर लोक जमले होते, शेवटचं बघायला. मास्तर होते, दूधवाला होता. मिस्त्रींना गप्प राहता आलं असतं. मी दुरुस्त करून दाखवतो, एवढं म्हटलं असतं तरी उलट नाव झालं असतं. क्षणभर तो मोह त्यांना झालाही. मग ते लाँचच्या कठड्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साखळी परत न्या. मी चुकलो. इंजिन शंभर नंबरी आहे, खोट माझ्या तोंडात होती."

भंगारवाल्याने साखळी खांद्यावरून खाली ठेवली. भाऊंना ते एकदम समजलंच नाही, ते वहिनींकडे बघायला लागले, आणि वहिनी तोंडाला पदर लावून खाली बसल्या. मिस्त्री भाऊंना हाताला धरून आत घेऊन गेले, बॅटरी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, बघा, तुमची अडतीस वर्षं इथे लिहिलेली आहेत. भाऊ वाकले आणि किती तरी वेळ आत बघत राहिले. त्यांनी ते कधीच पाहिलं नव्हतं.

नवे गाईड लेथवर बनवून घ्यायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी हेड बसलं, सीलं बसली, भाऊंनी हँडल मारलं, आणि इंजिन दुसऱ्याच फेऱ्याला सुरू झालं. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला नाही. ते नळीकडे बघत होते. तिच्यातून हलका वाफारा यायला लागला, थांबून थांबून, श्वासासारखा. मग तोंडाशी एक काळा थेंब जमला. वहिनी सवयीने बोळा घेऊन पुढे झाल्या. मिस्त्रींनी त्यांना थांबवलं, खिशातून रुमाल काढला, त्याची घडी मोडली आणि तो नळीखाली अंथरला.

थेंब पडला. पांढऱ्यावर चांगला रुपयाएवढा पसरला.

"मिस्त्री, डाग पडला," भाऊ कळवळून म्हणाले.

"पडू दे," मिस्त्री म्हणाले. "आणि मी येणार असलो, तर काही पुसायचं नाही."

भाऊंनी मान डोलावली. पलीकडे दूधवाला कॅन घेऊन ताटकळत उभा होता, हात हलवून घाई करत होता. भाऊंनी नेहमीसारखं इंजिन दहा मिनिटं चालू दिलं आणि मगच दोर सोडला.