बन्सी सरांचे रकाने

सोनईच्या बाजारगल्लीत बन्सी साळवेनं टायपिंगची इन्स्टिट्यूट काढायची ठरवली तेव्हा साळवे आडनावाच्या माणसाला गाळा द्यायला कुणी राजी नव्हतं. तो भांडला, ग्रामपंचायतीच्या पायरीवर दोन दिवस ठाण मांडून बसला आणि गाळा घेतलाच. पुढं वीस वर्षांत निम्म्या तालुक्याचे कारकून त्यानं घडवले. नव्व्याण्णव साल उजाडलं तर सहाही मशिनी कापडाखाली. पोरं सगळी राधाकृष्णच्या कम्प्युटर क्लासला. बायको वारलेली, एकुलती लेक माधुरी कर्जतला दिलेली. बोलायला भिंती.

राधाकृष्ण त्याचाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला होता, क्लासच्या निकालाचं वेबपेज करून दाखवा, संध्याकाळची बॅच तुमची.

बन्सीनं नाव, गुण, वर्ष असे तीन रकाने पाडले. टायपिस्टची रीतच ती: अक्षरं मोजायची, उरलेली जागा स्पेसबारनं भरायची. पान ब्राउझरमध्ये उघडलं आणि नावं, गुण, वर्षं घोडेगावच्या बाजारातल्या शेळ्यांसारखी एकमेकांना रेटत उभी. मागची पोरं फिसफिसली.

"सर, हितं स्पेसबारला किंमत न्हाई," राधाकृष्ण म्हणाला. "शंभर दाबा, त्यो एकच धरतो. एंटर तर त्याला दिसतच न्हाई."

"मग माझी वीस वर्षं वाऱ्यावर गेली का रे?" बन्सी उठला तो तडक गाळ्यात.

राग तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी तो वेबपेज शिकवणाऱ्या एका पुस्तकाची झेरॉक्स घेऊन बसला. विचारायला कुणाच्या दारी जायचं नाही, हा त्याचा हट्ट. कंसातल्या खुणेनं टेबल उघडायचं, त्यात ओळ, ओळीत खाना. मिटताना आधी खाना, मग ओळ, शेवटी टेबल. मिटायच्या खुणेला तिरपी रेघ. सगळं त्यानं मशिनीवर टाईप करून पाहिलं. टोकदार कंस मशिनीत नव्हते, ते पेनानं काढले. आठ दिवस गाळ्यात तेवढाच खडखडाट.

मग क्लासात जाऊन तेच कम्प्युटरवर टाईप केलं आणि पान उघडलं. रकाने ओळंब्यात उभे. राधाकृष्णनं खालपर्यंत पाहिलं.

"सोमवारपासून बॅच तुमची, सर."

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. बन्सीनं एसटीडी बूथवरून माधुरीच्या शेजारी फोन लावला. केशरबाईंनी उचलला, माधुरी सासूबरोबर रानात गेल्ती.

"काय निरोप द्यू?"

"सांगा, रकाने सरळ आले."

"कसले रकाने वो?"

"काही नाही. बाप बरा आहे म्हणावं."