कमळाबाई आणि बंद पडणारी गाडी

मानपाड्यात हळद ठरली की आधी कमळाबाईला सांगतात, मग भटजीला. कुणालाही विचारा. तीस वर्षं झाली, हजार-दीड हजार माणसांचं जेवण ही बाई उभी राहून रांधून घेते. चोविसाव्या वर्षी नवरा गेला, खाडीकाठच्या सासरहून ती भावाकडे आली आणि रडत बसण्यापेक्षा चुलीपुढे बसलेलं बरं म्हणून कामाला लागली. शेतं गेली, टॉवर आले, भाऊ हितेश चार फ्लॅटचा मालक झाला, तरी कमळाबाईच्या हातातला झारा काही सुटला नाही. आणि जिभेचं तर विचारूच नका!

तिचा जीव होता भाचीवर, हितेशच्या दिशावर. आणि एकोणीस वर्षांच्या दिशाचा जीव कशावर, तर एका खटाऱ्यावर. जुनी शंभर सीसीची गाडी, कुणीतरी उंच मडगार्ड आणि जाड खाचांचे टायर लावून चिखलात पळवण्याजोगी केलेली. दोन वर्षांपूर्वी दिशानं ती घरी आणली. गेल्या वर्षी गावामागच्या माळावर शर्यत होती, त्यात दुसऱ्याच फेरीला गाडी बंद पडली. सगळ्या गावानं शिट्ट्या मारल्या आणि हितेशला ती ढकलत घरी आणावी लागली. तो अपमान त्याच्या नाकाला असा झोंबला की विचारता सोय नाही.

"या रविवारी परत बंद पडली ना, तर सोमवारी भंगारात," तो दिशाला म्हणाला. "आणि तू परत शर्यतीचं नाव काढायचं नाय. शब्द हाय माझा."

हितेशचा शब्द म्हणजे शब्द, मग त्यापायी घर का उन्हात पडेना. दिशा दोन दिवस धड जेवली नाही.

शनिवारी सकाळी काळुराम मेकॅनिक आला. गाडीचा आजार मोठा लबाड होता. दोन किकमध्ये चालू व्हायची, उभी असताना छान एका लयीत टुकटुकायची. पण दिशानं गल्लीतून चार-पाच चकरा मारल्या की आवाज बसायचा, इंजिन मंदावायचं, एक आचका आणि खेळ खलास. मग मारा किक, पायाचा तुकडा पडेपर्यंत.

कमळाबाई ओट्यावर सुका जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत बसली होती. काळुरामनं टाकीचं झाकण उघडलं, पेट्रोल बघितलं, झाकण लावलं, प्लग बदलला. एका किकमध्ये गाडी चालू!

"प्लग होता. संपला विषय," असं म्हणून तो चहा पिऊन गेला.

पाचव्या चकरेला गाडी बंद.

परत बोलावणं. परत झाकण उघडून पेट्रोल बघणं. या वेळी त्यानं कार्बोरेटर खोलला, पेट्रोलचा बारीक जेट फुंकून साफ केला, इंजिनाचा वेग वाढवायचा स्क्रू पिळला. गाडी चालू. पाच चकरा, बंद. दुपारी तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. "कॉइल गेली असणार," तो म्हणाला आणि सवयीनं टाकीच्या झाकणाला हात घातला.

फुस्स.

कमळाबाईचा हात जवळ्यातच थांबला. सकाळपासून हा आवाज तिसऱ्यांदा झाला होता, आणि हा आवाज तिच्या ओळखीचा होता. हळदीच्या कामाला तेलाचा पंधरा किलोचा डबा उघडताना ती खिळ्यानं दोन भोकं पाडते, एक तेलाला आणि एक समोरच्या बाजूला, हवेला. नवीन बाई एकच भोक पाडून मोकळी होते. मग तेल थोडं येतं, गचके खातं आणि थांबतं. डबा भरलेला, कढई रिकामी आणि वाढपी डोक्यावर उभे! मग कमळाबाई दुसरं भोक पाडते, फुस्स करून वारा आत शिरतो आणि तेल धार धरतं.

"काळुराम, थांब. कॉइलला हात लावू नको," ती म्हणाली. "तू झाकण उघडलंस की गाडी चालते. एरवी त्या टाकीला वारा कुठून जातो रे?"

"झाकणाला बारीक भोक असतं, कमळाताय. पण ते..."

"दिशे, झाकण सैल ठेव, वरून फडका बांध, आणि हळू जा."

हितेश हसला. "ताय, ही काय भाजीची कढई हाय?"

"तू गप रे! सकाळधरून तीनदा चहा पाजलास, काय उजेड पडला?"

दिशा निघाली. पाच चकरा झाल्या. सात झाल्या. दहावी मारून ती ओट्यासमोर थांबली, हँडलवरचा हात काढला, आणि गाडी आपली एका लयीत टुकटुकतच राहिली. दिशा तर ओरडलीच.

काळुरामनं झाकण उताणं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. "वरून बुजलंय. माळावरची माती असणार."

कमळाबाईनं झाकण हातात घेतलं. माती कुठली! गाडी आली तेव्हापासून दर दसऱ्याला तिनंच स्वतःच्या अंगठ्यानं झाकणाच्या बरोबर मधोमध, त्या भोकावरच, कुंकू लावलं होतं. पडू नये म्हणून तेलात कालवून, चांगलं दाबून. दिशा गाडी रोज धुवायची, पण आत्याचं कुंकू पुसायची तिची हिंमत नव्हती. काळुरामही सकाळपासून झाकण कडेनंच धरत होता. गेल्या वर्षीच्या त्या शिट्ट्या, हितेशचा अपमान, पोरीचं न जेवणं, सगळं या अंगठ्याचं. गप्प बसली असती तर मातीवर खपून गेलं असतं.

"माती नाय ही," ती म्हणाली. "माझं कुंकू हाय. हितेश, पोरीला बोलू नको, मना बोल."

कमळाबाईनं पदराची पिन काढली, भोक कोरलं, फुंकर मारून आरपार उजेड बघितला आणि झाकण दिशाच्या हातात दिलं.

रविवारी माळावर आठ फेऱ्या होत्या. दुसऱ्या फेरीला हितेशनं डोळे मिटून घेतले. गाडी न थांबता पुढे गेली. पाचव्या फेरीला दोन मोठ्या गाड्या चिखलात रुतल्या, दिशा त्यांच्या बाजूनं सटकली, आणि आठव्या फेरीअखेर ती दुसरी आली. चिखलात बरबटलेली, डोळे तेवढे दिसत होते. गेल्या वर्षी शिट्ट्या मारणारेच पुढे धावले.

कमळाबाई कुंकवाची डबी घेऊन आली होती. गाडीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. दिशाच्या कपाळावरचा चिखल पदरानं पुसला आणि तिथे अंगठा टेकवला.

गाडी बाजूला उभी होती, टुकटुक टुकटुक. लोकांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.

"बंद कर गो ती आता," हितेश ओरडला. पण तो हसत होता, आणि डोळे पुसत होता.

"खबरदार कुणी हात लावला तर," कमळाबाई म्हणाली. "राहू दे चालू. मना ऐकायची हाय."