झबल्यावरचा बिल्ला

परवा छातीचा एक्स-रे काढायला गेलो, तर तिथल्या मुलीच्या ॲप्रनवर माझ्या जुन्या बिल्ल्यासारखाच चपटा बिल्ला होता. तरुणपणी मी अणुवीजघरात कामाला होतो. अंगाला किरण किती लागले, ते बिल्ल्यातली फिल्म सांगायची. निघताना तो फाटकावर ठेवायचा असे. एकदा घाईत तो तसाच खिशाला लावून मी किरनापुरला, सासुरवाडीत, आमच्या मुलीच्या बारशाला पोहोचलो. अंगणात ताज्या सारवणाचा आणि घुगऱ्यांचा वास होता. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, बिल्ल्याचं विचारलं, मी खरं ते सांगितलं. "मंग जवाईबापू, पोरीले हात नका लावू." त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं, म्हणून मी जास्त भ्यालो आणि हात मागे घेतले. बायको उठली, माझ्या खिशाचा बिल्ला काढून तिने मुलीच्या झबल्याला लावला आणि सगळ्यांदेखत तिला माझ्या मांडीवर ठेवलं. "मोजू द्या त्याले काय मोजाचं हाय ते!" परतल्यावर साहेबांची बोलणी खाल्ली. महिन्याने कळलं, फिल्म कोरी होती. आबांना सांग म्हणून बायकोला पत्र लिहिलं, तर तिचं उत्तर आलं, "काहून सांगू? पोरीले घ्याले बापाले सर्टिफिकेट लागते का?" परवा ती एक्स-रेवाली मुलगी म्हणाली, "दादाजी, डरना मत." मी छाती काढून उभा राहिलो.