पहिल्या पावलांचे दुखणे

पोलिसांच्या आठवणी म्हटल्या की लोकांना पकडलेले चोर हवे असतात. तसे मी पुष्कळ पकडले. पण निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी मनातून न गेलेले प्रकरण एकच आहे, आणि त्यात चोर नव्हता. नावे कोणाचीच देत नाही. चूक कोणाची होती, तेवढे स्पष्ट लिहितो.

मी तेव्हा दक्षिण दिल्लीतल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. मी मराठी, पण वडील फौजेत होते, त्यामुळे माझे बालपण दिल्ली कॅन्टोन्मेंटात गेले आणि पोलिसांत भरतीही तिथेच झालो. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहती आमच्या हद्दीत येत. एखादा मराठी तक्रारदार आला की ड्यूटी ऑफिसर त्याला सरळ माझ्या खोलीत पाठवायचा. "जनाब, आपके गाँव से आए हैं।" गाव कुठलेही असो.

हे गृहस्थ विदर्भातले, एका मंत्रालयात नोकरीला. वय पन्नाशीच्या पुढे. एका खाजगी रुग्णालयात त्यांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला होता. नवा सांधा धातूचा होता, वाटीही धातूची आणि तिच्यात फिरणारा गोळाही धातूचा. पहिली काही वर्षे बरी गेली आणि मग दुखणे सुरू झाले.

"साहेब, उठलो की आतून कर्र वाजतं," ते म्हणाले. "मिसेस स्वयंपाकघरातून विचारते, उठलात का? चहा टाकू का?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, एक्स-रे एकदम चांगला आहे. मी म्हटलं, एक्स-रे चांगला आहे, मी नाही ना!"

असे सांधे आत घासले जातात, धातूचा चुरा मांसात उतरतो आणि हाड खात जातो, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. रुग्णालय सदोष सांधा बसवून आता लपवते आहे, अशी त्यांची लेखी तक्रार होती. त्यांना एकच गोष्ट हवी होती. हाड शिल्लक आहे तोवर सांधा बदलून मिळावा आणि पुन्हा चालता यावे.

डॉक्टरविरुद्धच्या तक्रारीत आम्ही लगेच गुन्हा नोंदवत नाही. आधी प्राथमिक चौकशी करायची आणि सरकारी वैद्यकीय मंडळाचे मत मागवायचे, अशी रीत आहे. मंडळाला पाठवायचे पत्र मी टाइप करून घेतले होते. सही तेवढी राहिली होती.

तेवढ्यात ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. "आपका लंगड़ा करोल बाग में शॉपिंग कर रहा है। जाकर देख लीजिए।" फोन कोणाचा, त्याला आमची चौकशी कशी कळली, हे मी शोधायला हवे होते. शोधले नाही. पोलिसाला टीप मिळाली की ती देणाऱ्यापेक्षा टीपच गोड लागते.

मी एक हेड कॉन्स्टेबल साध्या कपड्यांत पाळतीवर लावला. पानिपतकडचा, जिभेने तिखट आणि नजरेने पक्का. गृहस्थांच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि कपड्यांसाठी नवरा-बायको करोल बागेत फेऱ्या मारत होते. परत आल्यावर तो म्हणाला, "जनाब, मेट्रो से उतरकर दो-चार कदम नाटक किया, फिर पूरा बाजार नाप डाला। साड़ी की दुकानें देख-देखकर मैं थक गया, वो नहीं थका।"

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो.

मग मी त्यांना जबाबासाठी बोलावले. ढोंगी माणूस ओळखायची एक युक्ती आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. लंगडत आलेल्याला बराच वेळ बाकावर बसवायचे, विसरल्यासारखे करायचे आणि मग सोडून द्यायचे. ठाण्यात सगळेच लंगडतात, फाटकाबाहेर गेल्यावर कोण कसा चालतो ते बघायचे. या युक्तीने मी मारामारीतल्या कितीतरी खोट्या जखमा उघड्या पाडल्या होत्या.

गृहस्थ बाकावरून उठले तेव्हा त्यांनी भिंत धरली. चेहरा पांढरा पडला होता. तसेच पाय ओढत ते व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत गेले. मी खिडकीत उभा होतो. अंगण ओलांडताना त्यांची चाल सुधारली आणि फाटकापाशी ते जवळजवळ सरळ चालत होते. मी त्यांना परत बोलावले.

"काय राव, फाटकापर्यंत पाय बरा झाला?"

ते गोंधळले. "साहेब, पहिली दहा-बारा पावलंच जीव घेतात. मग जरा सुटतं. बसून उठलो की पुन्हा तेच."

"असलं दुखणं आमच्याकडे रोज येतं," मी म्हणालो. "डॉक्टरवर केस टाकायची असेल तर नीट लंगडायला तरी शिका."

त्यांचा हात खुब्यावर होता, तो तेवढा त्यांनी काढून घेतला.

मला सोंग उघडे पाडल्याचा आनंद झाला होता. मंडळाच्या पत्रावर सही करायची गरज उरली नव्हती. अहवालात मी लिहिले की तक्रारदार दुखण्याचे सोंग करत असल्याचे प्रत्यक्ष निरीक्षणात आढळले, तक्रारीत तथ्य नाही. चौकशी बंद झाली.

कागद बंद होतो, पण त्याच्या प्रती फिरत राहतात. रुग्णालयाने माझ्या अहवालाची प्रत गृहस्थांच्या कार्यालयाला पाठवली. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या खर्चाची परवानगी कार्यालयाने अडवली आणि आजारपणाची खोटी रजा घेतली म्हणून उलट त्यांच्यावरच खातेनिहाय चौकशी लावली. यात जवळजवळ दोन वर्षे गेली.

एक दिवस त्यांच्या पत्नी ठाण्यात आल्या. नवऱ्याला अखेर एका सरकारी रुग्णालयात दाखवले होते आणि दुसरी शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. खुर्ची पुढे केली तरी त्या बसल्या नाहीत.

"तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघायच्या आधी एकच विचारलं, साहेब. उठताना जास्त दुखतं की चालताना? यांनी सांगितलं, उठताना, पहिल्या पावलांना. ते म्हणाले, मग सांधा हाडात सैल झालाय. उभं राहिलं की वजनानं हलतो, चार पावलांनी जागेवर बसला की दुखणं कमी होतं. हे आमच्याकडे शिकाऊ डॉक्टरलाही माहीत असतं." मग त्या म्हणाल्या, "उघडलं तर आत काळं झालेलं. हाड असं पोखरलेलं की नवा सांधा धरायला जागा नाही. जे जमलं ते केलं. वॉकर आता सुटणार नाही म्हणाले."

मी विचारले, "माझ्याकडून काय हवंय, ताई?"

"सोंग म्हणून लिहिलंत, ते चुकीचं होतं एवढं लिहून द्या. यांची चौकशी अजून चालू आहे. चालणं तर गेलंच, निदान खोटारडा हा शिक्का घेऊन रिटायर व्हायला नको."

पूरक अहवाल मला पाठवता आला असता. त्यात अवघड काही नव्हते. पण माझी बढतीची फाइल वर गेली होती, आणि मंडळाचे मत का मागवले नाही हा प्रश्न पहिल्यांदा मलाच विचारला गेला असता. मी म्हणालो, "प्रकरण बंद झालं आहे. आता माझ्या हातात नाही." हे खोटे होते. त्या दाराकडे गेल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, "बिल्कुल, साहेब. हातात काय असतं तुमच्या!"

बढती मला मिळाली. ते गृहस्थ ठपका घेऊन निवृत्त झाले.

गेल्या वर्षी मी त्यांच्या जुन्या खात्याला उद्देशून पत्र लिहिले आणि एका जुन्या शेजाऱ्याकडून त्यांचा नंबर मिळवला. ते आता विदर्भात मुलीकडे असतात. फोन पत्नीने घेतला. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आत हाक मारली. मग फरशीवर वॉकर टेकत कोणीतरी येत असल्याचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत राहिला.

"जयभीम," ते म्हणाले. "बोला."

मी चूक कबूल केली. पत्र लिहिले आहे, उद्या पाठवतो, असे सांगितले.

"वाचून दाखवा."

मी वाचू लागलो. 'प्रत्यक्ष निरीक्षणामुळे माझी दिशाभूल झाली' या वाक्यावर त्यांनी मला थांबवले.

"दिशाभूल कोणी केली, साहेब? मी तर सांगितलं होतं."

ते वाक्य मी खोडले आणि त्यांच्यासमोर, म्हणजे फोनवरच, नवे लिहून वाचले. 'तक्रारदाराने आपले दुखणे मला स्पष्ट सांगितले होते. मी ते जबाबात घेतले नाही.'

"आता पाठवा," ते म्हणाले. माफीबद्दल त्यांनी काही म्हटले नाही, मीही विचारले नाही.

पत्र गेले आहे. खात्याचे उत्तर अजून आलेले नाही, बहुधा येणारही नाही. नोकरीभर मी हजारो जबाब नोंदवले. जबाब देणाऱ्याला तो वाचून दाखवायचा, बरोबर आहे का विचारायचे आणि मगच कागद बंद करायचा, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. नव्या पोरांना मीही ते शिकवले. त्या दिवशी मात्र मी त्यांना काहीच वाचून दाखवले नव्हते. दाखवले असते, तर त्यांनी मला तिथेच थांबवले असते.