दोन हिरव्या पुडी

दुकानाच्या मागच्या खोलीत एकवीस डबे होते आणि एकावरही नाव नव्हतं. हा सासऱ्यांचा दंडक. नाव लिहिलं की विद्या रस्त्यावर आली, असं ते म्हणायचे. सासरे गेले, नवरा गेला, दंडक राहिला. झाकण उघडायचं, नाक जवळ न्यायचं आणि ओळखायचं. हा ओवा, ही बडीशेप, ही सुंठ. तीस वर्षं वहिनी तेच करत होत्या. पुढे गल्ल्यावर बसणारे दीर त्यांना ‘वहिनी’ म्हणून हाक मारायचे, त्यामुळे त्या साऱ्या बाजाराच्याच वहिनी झाल्या होत्या.

पोटाच्या तक्रारींचं दुकान ते. कुणाचं पोट साफ होत नाही, कुणाचं थांबत नाही, आणि उरलेल्यांचं सुटलेलं. चाळायचं, कुटायचं, पुड्या बांधायच्या. संध्याकाळी कंबर म्हणायची, बाई, मी काही तुझी नोकर नाही.

थंडीत वहिनींना ताप आला. गेला, तो जाताना वास घेऊन गेला. एकदा जिरं भाजताना ते काळंठिक्कर पडलं, खोलीभर धूर झाला, दीर खोकत आत आले, तेव्हा कुठे त्यांना हे उमगलं. “डोळा लागला जरा,” म्हणाल्या. खरं सांगणार कुणाला? नाकाशिवाय आपण या दुकानात कोण? मोठ्या भावाची मागे राहिलेली बायको, एवढंच. त्या डब्यांच्या जागा पाठ करून काम ढकलू लागल्या.

मग सुताराने डब्यांची फळी बदलली. दीरांनी डबे उतरवले आणि हाताला येतील तसे परत लावले. बाकीचे वहिनींनी रंगावरून, दाण्यावरून ओळखले. दोन मात्र अडले : मेथीच्या पाल्याची पूड आणि जुलाबाच्या सोनामुखीची. दोन्ही हिरव्या, दोन्ही वस्त्रगाळ, दोन्हींचे डबे नुकतेच काठोकाठ भरलेले. चिमूट जिभेवर ठेवली, तर जीभही तापापासून मठ्ठ. शेवटी डावीकडची मेथी, असं स्वतःलाच बजावून त्या मोकळ्या झाल्या.

त्याच दिवशी पुडी नेलेली शिंपीणबाई अठरा दिवसांनी परत आली. अंगाने चांगलीच भरलेली, तोंडाने त्याहून. वर्षभर ती इसबगोल, ओवा आणि मेथीच्या पाल्याचं मिश्रण न्यायची आणि दर महिन्याला टोमणा मारून जायची. वहिनी तिला सांगायच्या, याने पोट साफ राहतं, भूक जरा आवरते. वजन उतरलंच तर सावकाश, तेही जिभेला लगाम असेल तर.

आज मात्र ती दारातूनच ओरडली, “वहिनी, पाय कुठे आहेत तुमचे? पाया पडते! साडेतीन किलो!”

“कसले साडेतीन किलो?”

“माझे! स्वतःच्या ब्लाऊजला टाके घातले मी. वर्षभर काय गवत चारत होता मला? खरं औषध लपवून ठेवलं होतंत ना?”

दीर खुलले. “आमच्या वहिनींचा हात आहे तो. हीच पुडी आता सगळ्यांना देऊ.”

वहिनींनी शिंपीणबाईकडे नीट पाहिलं. गाल बसले होते. एका हाताने तिने गल्ल्याची फळी घट्ट धरली होती.

“दिवसातून किती वेळा जाता?”

“पाच-सहा. कात्री टाकून पळावं लागतं. पोटऱ्यांत गोळे येतात, हात थरथरतो. पण चालायचंच, सुखासुखी कोण बारीक होतं?”

वहिनी आत गेल्या. दोन्ही डबे उघडले. सोनामुखी चमचाभर लागते, तीही चार-दोन दिवसांपुरती, आणि असे जुलाब, असे गोळे तिचेच. मेथी म्हणून वापरलेला डावीकडचा डबा अर्धा झाला होता. उजवीकडचा काठोकाठ. वास नसला तरी डोळे शाबूत होते.

त्या तिथेच पोत्यावर बसल्या. बाहेर त्यांचं कौतुक चाललं होतं. गप्प राहिलं असतं तर दुकान चाललं असतं आणि जागाही राहिली असती. पण त्या उठल्या. गुडघे धरून, सावकाश.

“ही पुडी बंद करा,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या. “माझी चूक झाली. मेथीऐवजी जुलाबाचा पाला पडलाय. उतरलंय त्यात अंगातलं पाणीच जास्त. साखर-मीठ घालून पाणी प्या आणि आजच डॉक्टरांना दाखवा.”

शिंपीणबाईचा चेहरा पडला. “म्हणजे परत चढणार?”

“बरंचसं चढेल.”

“बघवलं नाही का हो तुम्हाला?” एवढं बोलून ती रडवेली होऊन पायऱ्या उतरली.

दीर हळूच म्हणाले, “वहिनी, तुमच्या हातून अशी चूक?”

“मला वास येत नाही, भावजी. तीन महिने झाले.”

दीरांनी आत जाऊन एक डबा हुंगला, मग दुसरा. परत आले ते कपाळावर हात मारत. “मला तरी कुठे ओळखू येतंय? तुम्ही आहात म्हणून मी कधी लक्षच दिलं नाही.” मग ते म्हणाले, “उद्यापासून मागे बसू नका.”

जे ऐकायला लागू नये म्हणून तीन महिने जीव मुठीत धरला होता, ते ऐकून झालं. वहिनींनी मान डोलावली. रडण्याइतकं त्राण नव्हतं.

“आणखी कुणाला गेली ती?” दीरांनी विचारलं. दोघांनी बोटांवर आठवलं. पाच घरं. पाववाल्याची आई ऐंशीची, म्हणून आधी तिच्याकडे. भर अकरा वाजता दीरांनी शटर ओढलं.

“मी बोलतो,” ते वाटेत म्हणाले.

“नको. हात माझा होता.”

दोन जिने चढताना वहिनी तीनदा थांबल्या. म्हातारीने भिंत धरत दार उघडलं. डोळे खोल गेले होते, ओठ सुकलेले. वहिनींना पाहून ती हसली.

“देवासारख्या आलात बाई. पुडी संपतच आली होती.”

वहिनींनी तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, दीरांना पाणी आणायला पाठवलं, आणि तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.