मापाचा ब्लाऊज

बदलापुरातलं आमचं मांजर्ली जुलैत पुरासाठी टीव्हीवर येतं आणि एप्रिलमध्ये उन्हासाठी. आम्हाला दोन्हींचा सारखाच अभिमान. गावाकडून फोन आला की बदलापूरचं तापमान आम्ही पोराला बारावीत पडलेल्या टक्क्यांसारखं सांगतो.

अशाच एका एप्रिलमध्ये माझ्या सासूबाई पंख्याखाली बसून माझ्या बिनबाह्यांच्या टॉपकडे बघत म्हणाल्या, "असलं काहीतरी घरात घालायला मलाही चाललं असतं." सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. पाणीसुद्धा त्या स्वतः उठून घेतात. मी ठरवलं, विकतचा नको, हाताने विणून द्यायचा, आणि तो त्यांना नीट बसलाच पाहिजे. नाही बसला तर "असू दे" म्हणून त्या तो कपाटात ठेवतील आणि पुन्हा जन्मात काही मागणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

उल्हासनगरच्या दुकानात सुती दोरा मागितला. दुकानदाराने आधी माझ्याकडे आणि मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.

"भाभी, स्वेटर अभी से?"

"स्वेटर नाही, उन्हाळ्याचा टॉप विणायचाय."

"टॉप तो रेडीमेड ले लो ना. मागच्या गल्लीत ढीग आहे, सब इम्पोर्टेड." मागच्या गल्लीतून शिलाई मशिनींचा खडखडाट इथपर्यंत ऐकू येत होता. मी फिकट निळा दोरा घेऊन निघाले.

संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर विणायला बसले, तर दोन दिवसांत तिघींनी विचारलं, कुणाकडे गोड बातमी आहे? सासूबाईंसाठी टॉप विणतेय म्हटल्यावर तिघींनाही घरची कामं आठवली. त्यापेक्षा गोड बातमी परवडली असती.

खरा प्रश्न मापाचा होता. मी टेप घेऊन गेले तर सासूबाई अंग चोरून म्हणाल्या, "टेप कशाला गं? मापाचा ब्लाऊज देते की." आपल्याकडे बाई शिंप्यापुढे उभी राहत नाही, तिचा मापाचा ब्लाऊज जातो. आणि प्रत्येकीचा मापाचा ब्लाऊज तिच्या सगळ्यात बारीक वर्षातला असतो. माझा तर बाळंतपणाच्या आधीचा आहे. शिंपी बिचारा काही न बोलता आत कापड सोडतो. तेव्हा हे बायकी राजकारण मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी सासूबाईंचा ब्लाऊज मोजला आणि वर दोन इंच माझ्या अकलेचे घातले. सत्तरी ओलांडली तरी बाई खरं माप थोडंच सांगणार, म्हणून गालातल्या गालात हसलेसुद्धा.

पुढचे तीन आठवडे सुलट-उलट, सुलट-उलट. घामाने सुया बोटांतून निसटायच्या. एक मुंढा दोनदा उसवला. शेवटी टॉप झाला, आणि एका रविवारी सासूबाईंनी आतल्या खोलीत दार लोटून तो घातला.

दारातून आधी टॉप बाहेर आला. सासूबाई त्याच्या आत कुठेतरी होत्या. गळा एका खांद्यावरून खाली घसरला होता. गळ्याच्या हाडांमागे खळगे पडले होते आणि मुंढ्यातून बरगड्या मोजता येत होत्या. पदराखाली हे कधी झालं, मला पत्ता नव्हता. अंबरनाथच्या कारखान्यात मी पॅकिंग तपासते. पाच ग्रॅम कमी भरलेलं पाकीट मी परत पाठवते, त्यासाठी माझं नाव आहे तिथे. आणि घरात एक माणूस अर्धं झालं होतं.

"आजी, मस्त," माझी कॉलेजातली मुलगी म्हणाली. "ओव्हरसाइज्ड आहे. हल्ली असंच घालतात."

"हो का? वारा छान लागतो गं," सासूबाई खूश होऊन म्हणाल्या.

मी पुन्हा टेप आणली. या वेळी त्या नको म्हणाल्या नाहीत. दंडाला टेप लावली आणि आकडा वाचून मला स्वतःची लाज वाटली.

"आई, तो ब्लाऊज कधीचा हो?"

"तुझे सासरे होते ना, तेव्हाचा."

"मग एवढ्या कशा वाळलात?"

"दुपारी एकटीला घास उतरत नाही गं. ताट वाढून घेते आणि परत डब्यात काढून ठेवते."

नवरा, मुलगी आणि मी, आम्ही तिघं सकाळीच बाहेर पडतो. संध्याकाळी घरी आल्यावर मी रोज विचारायचे, आई, जेवलात ना दुपारी? त्या हो म्हणायच्या, आणि मी माझा मोबाईल बघायला मोकळी व्हायचे. चौकशी केल्याचं समाधान वर.

"काढून द्या, उसवून लहान करते," मी म्हटलं.

त्यांनी टॉपचा घेर दोन्ही हातांत धरला. "उसवू नको एवढ्यात. जमेल तेव्हा दुपारी जेवायला येत जा. अंबरनाथहून एकच तर स्टेशन आहे. भरेन मी यात."

मी लगेच हो म्हणाले. माझी जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते, हे त्यांनाही माहीत आहे.