सोमवारचं पान

भोरच्या वाचनालयातले काका एका नावाजलेल्या परदेशी काचकलावंताच्या कामावरचं जाडजूड पुस्तक काचेच्या पेटीत उघडं ठेवतात. पेटीला कुलूप. दर सोमवारी हात धुऊन, रुमालाला पुसून एकच पान उलटतात. मग आठवडाभर सगळ्या गावाने त्याच पानावरचं चित्र बघायचं; या आठवड्यात काचेचा निळा फुगा.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. कुलपातलं पुस्तक बघून माझं डोकं फिरलं. ‘पुस्तकं लोकांची आहेत!’ असं पत्रक लिहून मी वाचनालयाच्या दारावरच डकवलं. काकांनी ते शेवटपर्यंत वाचलं, सुटलेला कोपरा खळ लावून नीट बसवला आणि म्हणाले, “खरं हाय तुजं, पोरी. ने घरी. पर मी बी येतो संगं.”

आणि आले! आमच्या उत्रोलीपर्यंत एसटीत पुस्तक त्यांच्या मांडीवर, मी उभी.

घरी आई भराभर पानं उलटायला लागली. “अगं बया, ही काच हाय व्हय? दुधीच्या वेलावानी दिसतीय!”

काका मात्र भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“काका, बघा की.”

“न्हाई. माजं अजून निळ्या फुग्यावरच हाय.”

“म्हणजे पुढची पानं तुम्हीसुद्धा कधी पाहिली नाहीत? किल्ली तर तुमच्याकडेच असते!”

“म्हून काय झालं? लोकांच्या आदी म्या कसं बघायचं?”

आईने मागची पानं चाळून निळा फुगा शोधला.

“वळा आता, भावजी. च्या निवतोय.”